ठक्क परीक्षा

जुन्या माइकच्या जाळीवर, अगदी मधोमध नव्हे, किंचित उजवीकडे एक खळगा पडला होता. खोली चार मिलिमीटर, रुंदी अंगठीच्या खड्याएवढी. वाचनालयाचे अध्यक्ष अकरा वर्षं प्रत्येक भाषणाआधी तिथे अंगठीने तीनदा ठक्क करत आणि मग "हॅलो" म्हणत, जणू पलीकडून कोणी फोन उचलणार होतं.

खळगा मोजणाऱ्या बाई शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या आणि वाचनालयाच्या चिटणीस. समितीत सगळे बोलत; बाई लिहून घेत.

त्या माइकने मान टाकली त्याला सात महिने झाले होते. नवा घ्यायचा यावर समितीचं एकमत होतं. कोणता, यावर पाच सभासदांची सहा मतं होती. स्वस्त हवा, पण स्वस्त दिसायला नको, एवढंच काय ते ठरलं होतं.

बाईंना घाई होती ती मावशीपायी. मावशीने चाळीस वर्षं वाचनालयाच्या याच सभागृहात गाणं म्हटलं. मग गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज निम्म्यावर आला. सूर जागच्या जागी होता, पण तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नव्हता. रविवारी वार्षिक कार्यक्रम होता. "गाणार ना?" असं विचारलं की मावशी म्हणे, "बघू." समितीलाही शोभेल असा तो "बघू" होता. या रविवारी ती उभी राहिली नाही तर पुन्हा कधीच राहणार नाही, हे दोघींना पक्कं ठाऊक होतं, म्हणून दोघी त्या विषयाला हात लावत नव्हत्या.

गुरुवारी दुकानदाराने तीन माइक संध्याकाळपर्यंत वापरून पाहायला दिले. अध्यक्षांनी बाही सारली.

पहिला. ठक्क! छतावरचे पंखेसुद्धा दचकले असावेत.

"वा! याला म्हणतात दम!" उपाध्यक्ष म्हणाले. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे ऐकण्याच्या बाबतीतही त्यांचा शब्द मानला जाई.

दुसरा. टप.

"अहो, हा तर आजारी आहे," अध्यक्ष म्हणाले. शिवाय तो तिन्हींत स्वस्त, म्हणजे आधीपासूनच संशयित.

तिसऱ्याला निळा दिवा होता. तो सगळ्यांनी आळीपाळीने चालू-बंद करून पाहिला.

"लिहा बाई," अध्यक्ष म्हणाले, "पहिल्याची ठक्क सर्वोत्तम."

बाईंनी लिहिलं आणि त्यांचं पेन थांबलं. त्यांनी वहीची मागची पानं उलटली. मार्च: ठक्क बारीक, नापसंत. मे: ठक्क बारीक, नापसंत. सात महिन्यांत एकाही माइकमध्ये कोणी एक अख्खं वाक्य बोललं नव्हतं. बाहेरून बसलेला धक्का आत पोचू न देणं हेच चांगल्या माइकचं काम, आणि तेवढ्याच गुणावर समितीने एकेकाला घरी पाठवलं होतं. समिती माइक निवडतच नव्हती, ठोठावायला दार निवडत होती.

"मावशी," बाईंनी मागच्या रांगेकडे पाहून हाक मारली, "जरा पुढे येतेस?"

"बाई, तुम्ही बोलता?" अध्यक्षांना खरोखरच आश्चर्य वाटलं.

पुस्तक बदलायला आलेली मावशी कुरकुरत पुढे आली. "मला कशाला गं मध्ये ओढतेस?"

"गायचं नाही. भिंतीवरची पाटी वाच फक्त."

मावशीने पहिला माइक धरला. तिची बोटं सरकली, बांगडी लागली, त्याचा नुसता गडगडाट झाला. पाटी त्यात वाहून गेली. तिसऱ्यात तिच्यापेक्षा पंखा स्पष्ट ऐकू आला. मग तिने आजारी माइक ओठांजवळ नेला आणि घरी बोलते तशी, हलकेच म्हणाली, "कृपया पुस्तकाची पानं दुमडू नयेत."

शेवटच्या रांगेत वाचत बसलेल्या एका गृहस्थाने चपापून पान सरळ केलं.

मावशी त्या गृहस्थाकडे पाहत राहिली. तिथपर्यंत बारा रांगा होत्या. बाईंनी मोजल्या, मावशीनेही मोजल्या असाव्यात.

"ठीक आहे, तसा बरा आहे," अध्यक्षांनी घसा खाकरला. "पण घाई नको. पुढच्या बैठकीत सर्वांगीण विचार करू. तोवर मी पुन्हा एकदा..." आणि त्यांची अंगठी जाळीकडे निघाली.

मावशीने माइक छातीशी ओढला.

"हात आवरा," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी दारातल्या शिपायाने मान वळवली. "हा आता माझ्याकडेच राहील. रविवारी मी गाणार आहे."