कॉइलची जागा

"काका, पाना खाली ठेवा. त्याने कॉइल बसवल्यात तिथेच राहणार त्या."

लंब्या असं म्हणाला आणि वाइंडिंगवाल्याचं डोकंच फिरलं. गेला तो त्याचा मुलगा, मोटरसायकल उभी होती ती त्याच्या दुकानापुढच्या पत्र्याखाली, पानाही त्याचाच. आणि मुलाचा मित्र त्यालाच हात लावू देत नव्हता!

मुलाने ती मोटरसायकल आपल्या हाताने घडवली होती. जुनं इंजिन, कापून जोडलेली फ्रेम, चिंचोळी टाकी. इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या दोन्ही कॉइल त्याने आत कुठे लपवल्या नव्हत्या. इंजिनाच्या हेडला खेटून, पितळी पट्टीवर, चारचौघांत मिरवाव्यात तशा बसवल्या होत्या. जळालेल्या मोटरींची तार काढून नवी भरण्यात बापाचा जन्म गेलेला. तो म्हणाला होता, "भाजून निघतील तिथे." मुलगा हसला होता. "बाबा, दिसायला कशा झकास दिसतात ते बघा ना!"

मग घाटाच्या चढावर मागून ट्रक आला आणि सगळं संपलं. ट्रकवाल्याने उडवला, असं सगळेच म्हणाले. आई रोज भांडी घासताना त्या ट्रकवाल्याचा उद्धार करायची. चेपलेली गाडी घरी आली तेव्हा बापाने मात्र दोन्ही कॉइल काढून तापवून पाहिल्या होत्या. गार असताना ठिणगी ठणठणीत, तापल्या की गायब. गाडी चढावर आपोआप बंद पडली होती, ऐन ट्रकसमोर. हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. निदान शिव्या द्यायला तरी बायकोला कोणी असू दे, असं त्याला वाटलं होतं.

आता मित्रांनी गाडी सरळ करून रंगवली होती. कॉइल नव्या घातल्या, पण जागा तीच ठेवली.

"उद्या आम्ही सगळे त्याच घाटात जाणार," लंब्या म्हणाला. "त्याची आठवण म्हणून. ही मी चालवणार."

"आठवण म्हणे! अरे, तू मेलास की तुझ्या आठवणीला कोण जाणार? आणि कुठली गाडी घेऊन?"

आरडाओरडा ऐकून बायको दारात आली. "अहो, कशाला अंगावर जाताय त्याच्या? पोराचं एवढं तरी राहू दे की जसंच्या तसं."

"जसंच्या तसं?" त्याने पाना फरशीवर आपटला. "ट्रकवाल्याने नाही मारलं त्याला! इथल्याच दोन डब्यांनी मारलं! तापल्या, ठिणगी गेली, गाडी जागच्या जागी मेली. सांगत होतो मी त्याला. ऐकलं? झकास दिसतात म्हणे! गाढव लेकाचा!"

मेलेल्या मुलाला त्याने शिवी दिली होती. लंब्याची मान खाली गेली.

"खोटं बोलताय," बायको म्हणाली.

"तापवून बघितलंय मी."

"कधी?"

"गाडी आली त्याच दिवशी."

"आणि मला रोज त्या माणसाला शिव्याशाप देऊ दिलेत?" तिचा आवाज चिरकला. "त्याला काय बायकामुलं नसतील? मला काय समजलात तुम्ही? सांगितलं असतं तर मोडून पडले असते?"

ती लंब्याकडे वळली. "काढ त्या. आत्ताच्या आत्ता." आणि आत जाऊन तिने दार धाडकन लावून घेतलं.

लंब्या नट सोडू लागला. "काका, त्याने भोकं पाडली तेव्हा ही पट्टी मीच धरली होती."

"मग आता मी धरतो. सोड तू."

पट्टी निघाली. लंब्याने विचारलं, "सीटखाली घालू?"

"तिथे कोंडतील. टाकीखाली, अगदी पुढे, फ्रेमला. इंजिनापासून लांब, आणि समोरून वारा लागेल."

"दिसणार नाहीत पण."

"नकोच दिसायला!" तो खेकसला. कॉइल घट्ट बसवताना, वायरी जोडताना तो सारखा पुटपुटत होता. लंब्याला वाटलं आपल्यालाच बोलतायत. पण तो मुलाशी भांडत होता आणि मुलगा उलट एक शब्द बोलत नव्हता, म्हणून त्याचा संताप आणखीच वाढत होता.

लंब्याने किक मारली. इंजिन धडधडलं. आवाज अगदी तोच होता, मुलगा गल्लीत वळताना यायचा तो.

आतली कडी वाजली. बायको पदराला हात पुसत घाईघाईने उंबऱ्यात आली आणि लंब्याला बघून थबकली. लंब्या ओशाळला आणि इंजिन बंद करायला त्याने किल्लीकडे हात नेला.

"राहू दे," वाइंडिंगवाला म्हणाला. "चांगलं तापू दे."

इंजिन तापत राहिलं. तिघंही तिथेच उभे होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.