मेबल ज्या फासात सापडली

मी एक जुना तारेचा फास आहे, मित्रांनो. जुना म्हणायचं, पण कामावर होतो अवघे चार दिवस. आता कापलेला, गॅरेजातल्या खिळ्याला टांगलेला असतो.

याच गॅरेजात, अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये, ऑर्वल टीटजेन नावाच्या म्हाताऱ्याने मला बनवलं. पोलादी तार, टोकाला फिरती कडी, आणि गळा फार आवळू नये म्हणून मध्ये एक अडणी. मग चकाकी जावी म्हणून सोड्याच्या पाण्यात उकळलं. "हा धरतो, मारत नाही," ते म्हणाले. खरं सांगतो, मला त्या वाक्याचा फार गर्व झाला.

हे ते शेजारच्या डार्लीन ह्रुस्काला शिकवत होते. कायोटी, म्हणजे आपल्या कोल्ह्याचा थोराड भाऊ, तिची कोकरं उचलून नेत होता. उरलेली वाचवायची तर शिकणं भागच होतं.

"फास बांधायची मेख मोकळ्यावर ठोकायची," ऑर्वल म्हणाले. "तार पोचते तिथवर खांब नको, झुडूप नको. जनावर गुंडाळलं गेलं की संपलं."

"तिसऱ्यांदा सांगताय."

"आणि तू तिसऱ्यांदा नुसती मान डोलवतेयस, पोरी."

कायोटींनी कुंपणाखालून वाट उकरली होती. तिथली जमीन दगडी. मेख दोन बोटंही आत जाईना. डार्लीनने वैतागून हातोडा टाकला आणि मला सरळ कुंपणाच्या खांबाला बांधलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण फासाला कुठली वाचा.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता एक कायोटी मला चुकवून त्या वाटेने निसटला आणि त्याच्यामागे धावलेली मेबल माझ्यात सापडली. मेबल डार्लीनची राखणीची कुत्री. पिल्लू असल्यापासून मेंढरांतच वाढलेली; गळ्यात पट्टा किंवा दोरी तिला जन्मात माहीत नव्हती. दोरीला सरावलेलं कुत्रं खाली बसून राहतं. ही खांबाभोवती गरगर फिरली. एक वेढा, दोन, तीन. माझी कडी अडकली, तार पिळत गेली आणि अडणी असूनही गळा आवळू लागली. मी पार हबकून गेलो. मी धरणारा ना, मग हिचा श्वास का तुटतोय?

डार्लीन फेरीला आली, तिने बघितलं आणि पक्कड काढून धावली. पोलादी तारेवरून पक्कड दोनदा निसटली. तिसऱ्यांदा मी तुटलो. मेबल जगली.

"तुमचा फास," ती ऑर्वलना म्हणाली.

"फास माझा. खांब तुझा." मग ते बराच वेळ मेबलच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

पण मेबल पुन्हा कुंपणाकडे फिरकली नाही. कोठाराच्या दारातून लांबूनच भुंकते. कायोटींना ते दोन दिवसांत कळलं. आठवड्यात आणखी सात कोकरं गेली. माझ्यामुळे गेली, मित्रांनो.

म्हणून हात जोडून सांगतो, जमीन कठीण लागली तर दुसरी जागा शोधा, पण मला खांबाला बांधू नका. मी किती दयाळू ते तुम्ही मला कुठे लावता यावर आहे.

हल्ली कुंपणाशी राखणीला डार्लीन स्वतः उभी असते. तिथून ती मेबलला हाक मारते. मेबल शेपूट हलवते, पण जागची उठत नाही.