त्या पानावर माझा फोटो होता

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. वय अकरा वर्षे. माणसांत अकरा म्हणजे सहावीचा वर्ग. प्रिंटरांत अकरा म्हणजे भंगारवाला दोनदा येऊन चौकशी करून गेलेला असतो. माझा जन्म कोणत्या तरी दूरच्या कारखान्यात झाला. त्यातले एवढेच आठवते, की कोणीतरी माझ्या पोटाखाली एक पांढरी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर माझे पूर्ण नाव आणि मॉडेल नंबर होता. ती पट्टी लक्षात ठेवा. मेडशीत कोणीच ठेवली नाही.

मेडशीच्या एसटी थांब्यासमोर धम्मरत्नचे ऑनलाइन सेंटर आहे. तिथे मी कामाला लागलो. छपाई, झेरॉक्स, स्कॅन, तिन्ही मीच करायचो. पीकविम्याचे फॉर्म छापले, सातबारे छापले, एकदा हरवलेल्या बोकडाचे पोस्टरही छापले. बोकड सापडला. सत्कार माझा व्हायला हवा होता, पण झाला बोकडाचा, त्याच रविवारी, रश्श्यात.

गावाची एक सवय होती. कोणताही कागद एकदा माझ्या काचेवर ठेवला, की लोक म्हणायचे, "राहू दे धम्माच्या कॉम्प्युटरात," आणि निश्चिंत घरी जायचे. सगळ्या गावाची ट्रंक म्हणजे तो एक कॉम्प्युटर.

यंदाचीच गोष्ट. भाजीवाले गुलाबराव यांची मुलगी तनुजा नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरत होती. शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी तिचा जातीचा दाखला मी स्कॅन केला. फाइल कॉम्प्युटरात गेली. तेवढ्यात चहा आला, चहाबरोबर गप्पा आल्या, आणि मूळ दाखला माझ्या झाकणाखालीच राहिला. घरी गेल्यावर तनुजाला वाटले, दाखला एसटीत पडला. तिने रडून घेतले आणि मग स्वतःची समजूत घातली, "फाइल तं हाय ना." दाखला कुठे आहे हे मला माहीत होते. पण मला जे तोंड आहे, त्यातून फक्त कागद निघतो.

दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत मुदत होती. फक्त एक हमीपत्र छापून, सही करून ते दाखल्याच्या फाइलीसोबत चढवायचे बाकी होते, त्यासाठी बापलेक दुपारी सेंटरवर आले. आणि त्याच सकाळी कॉम्प्युटरने स्वतःला अपडेट करून घेतले व मला ओळखायचे बंद केले. अकरा वर्षे एकाच तारेने बांधलेलो आम्ही! कॉम्प्युटरला माझी भाषा समजावून देणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो पुन्हा टाकला की काम होणार होते.

धम्मरत्नने इंटरनेटवर शोधले. जे पहिले आले तेच उघडले. मित्रांनो, त्या पानावर माझा फोटो होता. माझाच. नवा असतानाचा, धूळ बसायच्या आधीचा. क्षणभर मी लाजलो. फोटोखाली पाच हिरवी बटणे होती आणि लिहिले होते, 'बेचाळीस लाख लोकांनी घेतला.'

"काका, हे कंपनीचं पान दिसत नाई," धम्मरत्न म्हणाला. "पत्ता भलताच लंबा हाय."

"अबे, बेचाळीस लाख लोकं काय गधे हायेत?" गुलाबराव म्हणाले. "तीस वर्षं भाजी इकून राह्यलो मी. बजारात ज्याच्यापाशी गर्दी, त्याचा माल ताजा."

"अँटिव्हायरस बंद करा म्हणते हे."

"मंग कर ना! पाहुणा आला का कुत्रं बांधतोच ना आपण?"

कुत्रे बांधले गेले. पाहुणा आत आला.

माझा ड्रायव्हर आलाच नाही. एकेका फाइलचे नाव बदलत गेले, मग पडदा लाल झाला आणि त्यावर मजकूर आला: सगळ्या फायलींना कुलूप लावले आहे, किल्ली हवी तर पैसे भरा. माझ्या फोटोने माझ्याच घरात चोर घातला होता.

"बाबा, माह्या दाखल्याची फाइल?" तनुजाने विचारले. तीन वाजले होते.

गुलाबराव स्टुलावर बसले. मग म्हणाले, "धम्मा, एक सांगू का? माह्या दुकानापुढं जे गर्दी रायते ना, तो दौलतराव हाय. माहा साळा. शर्ट बदलून तीन खेपा येते."

"हे तुमाले आता आठवलं?" तनुजा म्हणाली.

मग तिघांना राग काढायला कोणीतरी हवे होते. चोर समोर नव्हता. मी होतो.

"या डबड्यापायीच झालं सारं," धम्मरत्न म्हणाला. अकरा वर्षे ज्याची शाई मी प्यालो, तो म्हणाला. "घेऊन जा काका याले, टाका भंगारात."

गुलाबरावांनी मला उचलले. मी तिरपा झालो, झाकण उघडले आणि आतून कागद सुटला.

"अवं माय! माहा दाखला!"

सगळे कागदाकडे पाहत होते. मी हवेत होतो. मग मला घाईघाईने दारातल्या, गुलाबरावांच्याच शेपूच्या टोपलीत ठेवून बापलेक मोटरसायकलने मालेगावला गेले. तिथल्या सेंटरवरून चार वाजून चाळीस मिनिटांनी फॉर्म भरला गेला. आभार कोणाचे मानले? दाखल्याचे.

आठ दिवसांनी वाशीमहून प्रियदर्शनी मॅडम आल्या. त्या कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांनी सगळा कॉम्प्युटर पुसून काढला. गावाच्या बाकीच्या फायली परत आल्या नाहीत. मग त्यांनी मला शेपूतून काढून उलटे केले आणि पोटावरची पट्टी वाचली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच! कंपनीचा पत्ता त्यांनी एकेक अक्षर हाताने टाइप केला, तिथे माझा नंबर घातला. तिथे एकच बारीक बटण होते, लाखांचा आकडा नव्हता. दोन मिनिटांत, फुकट, काम झाले.

"भाऊ, पत्ता वाचत जा," त्या म्हणाल्या. "सारे ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारा प्रोग्राम दिसला तं हात लावू नका. अन् अँटिव्हायरस बंद करा म्हणलं का समजायचं, चोर हाय. फायलींची एक नक्कल येगळ्या डिस्कवर ठेवा, ते डिस्क काढून कपाटात ठेवा."

तनुजा आता नर्सिंगला आहे. पण लोकांनी सेंटरवर येणे सोडले. गुलाबरावांना फार वाईट वाटले. म्हणून त्यांनी दौलतरावांना आमच्याकडे रांगेत उभे केले. ते दिवसातून तीन वेळा येतात, तीन शर्टांत, आणि दर वेळी त्याच आधार कार्डाची झेरॉक्स काढतात.

मित्रांनो, आमची काळजी घेणे फार सोपे आहे. आम्हाला उलटे करून आमचे नाव वाचा. आमचा ड्रायव्हर आमच्या कंपनीच्याच घरून आणा. घरी जाताना एकदा झाकण उघडून पाहा. आणि गर्दी मोजू नका.

परवाच एक नवीन बाई दारात थांबल्या. रांग पाहून म्हणाल्या, "गर्दी हाय, म्हंजे चांगलं असन ना?"

मला ओरडून सांगायचे होते. तोंड उघडलेही. पण त्यातून दौलतरावांचे आधार कार्ड निघाले.