दीडशे पावलं सरकलेली हद्द

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे, हद्दीचा. पाथर्डी तालुक्याच्या पूर्वेला, जिथं अहिल्यानगर जिल्हा संपून बीड जिल्हा सुरू होतो, तिथं माझी जागा आहे. दगडाला आपलं आयुष्य सलग आठवत नाही. ज्या अंगाला ऊन लागलं, त्या अंगाचं आठवतं. म्हणून मी एकेका अंगाने सांगतो.

पश्चिमेचं अंग

दोघा पाथरवटांनी मला काळ्या खडकातून फोडून काढलं. या अंगावर त्यांनी एक बाण कोरला आणि एक आकडा. आकडा कशाचा, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. साहेबाने कागदावर काढून दिला, त्यांनी तो हुबेहूब उतरवला. मग मोजणीदार साखळी ओढत आले आणि त्यांनी मला कमरेपर्यंत जमिनीत गाडलं. या बाजूला तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं.

पूर्वेचं अंग

या बाजूला निजामाचं. एकदा एक बैलचोर धावत आला आणि माझ्या पलीकडे जाऊन मातीत बसला. मागून आलेला इंग्रजी हद्दीतला शिपाई माझ्यापाशी थबकला.

"ये की इकडं, भडव्या!"

"तुमीच या की जमादार. सावली हाय हिकडं."

शिपायाच्या हातात काठी होती. चोर चार हातांवर होता. फक्त शिपायाच्या सरकारचा हुकूम माझ्यापाशी संपत होता. सार्वभौम सत्ता हा शब्द तुम्ही पुस्तकात वाचता. मी तो त्या शिपायाच्या उचललेल्या आणि पुन्हा मागे घेतलेल्या पायात पाहिला.

पुढे इंग्रज गेले. वर्षभराने निजामाची सत्ता गेली. आणखी काही वर्षांनी माझी दोन्ही अंगं एकाच राज्यात आली आणि मी राज्याच्या हद्दीचा होतो तो जिल्ह्याच्या हद्दीचा झालो. एवढं सगळं झालं, पण मला जागचं कुणी हलवलं नाही.

हलवलं ते मायेनं.

डोकं

नवी नवरी गावात येते तेव्हा शिवेवर नारळ फोडतात. शिवेवर मीच होतो. कुणीतरी मला शेंदूर लावला, मग दरवर्षी लावत गेले. बाण झाकला, आकडा झाकला, आणि मी म्हसोबा झालो. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर साळूबाई नावाची गावातली नवी सून म्हणाली, "देवाला असा उन्हात ठिवत्यात व्हय?" पश्चिमेला दीडशे पावलांवर कडुनिंब होता. बायांनी गाणी म्हटली, बाप्यांनी पहारी लावल्या, मला बैलगाडीत घालून सावलीला नेऊन बसवलं. हद्द सरकली असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांनी देव हलवला होता.

मधला पट्टा

(या भागाबद्दल दोन्ही गावांच्या नकाशांत काही लिहिलेलं नाही.)

पण तिथं तीन घरं आहेत. माझी जुनी जागा आणि कडुनिंब यांच्यामध्ये पडीक जमीन होती. गौहरच्या सासऱ्यांनी तिथं पहिलं घर बांधलं. गौहर लग्न होऊन आली त्याला आता तीस वर्षं झाली. तेव्हापासून ती लांबच्या विहिरीवरून पाणी आणते. पलीकडचं गाव म्हणतं, आमचा नकाशा तुमच्या परसामागे संपतो. अलीकडचं गाव म्हणतं, तुम्ही तर म्हसोबाच्या पलीकडचे.

गेल्या उन्हाळ्यात घरोघरी नळ द्यायचं काम निघालं. पाइपासाठी चर खोदत मशीन कडुनिंबापर्यंत आलं आणि थांबलं. कामावरचा सुपरवायझर याकोब नगरहून आला होता. गौहर त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"दादा, माझं दार दिसतंय की हितनं."

"ताई, दार दिसतंय, पण जिल्हा दुसरा आहे."

"त्या जिल्ह्यात गेल्ते. ते म्हनत्यात, तुमी आमच्यात न्हाई. मंग मी हाय तरी कुठं?"

याकोबने मशीनकडे बघितलं. "परवा मशीन दुसऱ्या गावाला जाणार," तो हळू आवाजात म्हणाला. "तोवर काहीतरी पुरावा आणा."

पुरावा मीच होतो, मित्रांनो, आणि माझ्या तोंडावर पन्नासहून जास्त वर्षांचा शेंदूर होता.

साळूबाई रोज दुपारी माझ्यापुढे उदबत्ती लावते. आता तिने सत्तरी ओलांडली आहे. तिने हे बोलणं ऐकलं. त्या दिवशी तिची उदबत्ती तशीच हातात राहिली.

दुसऱ्या दिवशी अलीकडच्या गावचे सरपंच काकासाहेब काम बघायला आले. साळूबाई उलथनं घेऊनच आली होती.

"काकासाहेब, ह्यो द्येव हितला न्हाई."

"मावशे, ऊन लागलं का?"

"आमीच आनला गाडीत घालून. मीच म्हनले व्हते. ह्यो शिवंचा दगड हाय. शेंदूर काडा, आकडा निघंल."

"म्हसोबाचा शेंदूर खरवडू? गाव मला खरवडंल!"

"तुमी नका. मी खरवडते. त्याला कोपायचं आसंल तर माझ्यावर कोपंल." मग ती गौहरकडे न बघता म्हणाली, "तीस वरसं ती पोर माझ्यापायी पानी व्हातीय."

चर खोदणारे मजूर मागे सरकले. एकाने हात जोडले. साळूबाईचं उलथनं थांबलं नाही. शेंदराचे पापुद्रे तिच्या मांडीवर पडत राहिले. आधी बाण निघाला, मग आकडा.

याकोबने फोनवर जुना नकाशा काढला. "नंबर जुळतो," तो म्हणाला. "जागा जुळत नाही."

त्याने मशीन थांबवून धरलं आणि मोजणीवाल्यांना बोलावलं. ते दोन दिवसांनी आले. नकाशातली जागा गौहरच्या परसामागे निघाली. तिथं कमरेइतकं खणल्यावर खाली कोळसा लागला. जुने मोजणीदार आमच्या पायाखाली कोळसा पुरून ठेवत, कारण तो कुजत नाही. दगड हलला तरी खाली खूण राहते. तो माझाच खड्डा होता.

पाय

आता मी पुन्हा त्या खड्ड्यात उभा आहे. सावली नाही. साळूबाई येते, पण उदबत्ती आणत नाही, नुसती बसते. गौहरच्या दारात नळ आला.

पहिलं पाणी सुटलं त्या सकाळी माझ्या पूर्वेला रंगुबाई येऊन उभी राहिली. तिचं घर माझ्यापासून तीस पावलांवर, पण खरोखरच बीड जिल्ह्यात. तिच्याकडे रिकामा ड्रम होता. ती काही मागत नव्हती.

काकासाहेब हसत म्हणाले, "गौहरभाभी, पानी आपल्या गावापुरतंच बरं का. हद्द सापडलीय आता."

गौहरने माझ्याकडे बघितलं, मग रंगुबाईकडे. घरात जाऊन तिने रबरी नळी आणली, नळाला लावली आणि परसातून ओढत थेट माझ्या डोक्यावरून पलीकडे टाकली.

"आवो, त्यो दुसरा जिल्हा हाय!"

"मला नगा सांगू, काकासाहेब. मी तीस वरसं ऱ्हायलीय तितं."

ड्रममध्ये पाणी येईना. नळीला माझ्यापाशीच पीळ पडला होता. काकासाहेबांनी रिकाम्या ड्रमकडे बघितलं. मग कंबर धरून वाकले आणि त्यांनी तो पीळ सोडवला. माझ्या डोक्यावर गार धार सरकली आणि पलीकडे ड्रम वाजू लागला.

तेव्हापासून नळी रोज माझ्यावरून जाते. मित्रांनो, कधी इकडे आलात तर मला शेंदूर लावू नका, सावलीत नेऊ नका. मी इथंच बरा आहे. पण माझी एक कड धारदार आहे, पाथरवटाने तशीच सोडलेली. नळी ओढताना तिथं घासते. जमलं तर त्या कडेला एखादं जाडसं फडकं बांधा.