पपाचा हात

उज्ज्वल जर्मनीत स्टुटगार्टच्या एका कंपनीत मोटारींच्या दारांचे आराखडे करायचा. मिलिमीटरचा फरकही त्याला भातातल्या खड्यासारखा लागे. त्यामुळे त्याच्या चार वर्षांच्या लेकीने, धम्मदीपाने, माणूस म्हणून पाय फुटलेला बटाटा काढला, तेव्हा या बापाला राहवेना. त्याने खोडरबर घेतलं आणि बटाट्याला मान, पोट, खांदे जोडून दिले. मग घराचं छप्पर सरळ केलं, मग सूर्य गोल केला. कुणी सांगितलं नव्हतं हो! पोरीची गत मात्र ‘भीक नको पण कुत्रं आवर’ अशी झाली.

एके दिवशी तिने पेन्सिलच त्याच्या हातात ठेवली. “पपा, माख दू,” म्हणाली. म्हणजे, तूच काढ. आणि खेळायला निघून गेली.

त्यानंतर तिने कागदाला हात लावला नाही. ही हल्ली रंगांकडे फिरकत नाही, असं किंडरगार्टनच्या बाईही म्हणाल्या. उज्ज्वलसाहेबांनी उपाय काय केला, तर रंगांचा सगळ्यात महाग डबा आणला. दीपाने तो उघडून पाहिला आणि बंद केला.

मग नागपूरहून आलेल्या त्याच्या आईने, कमलाबाईंनी, स्वतःच कागद पुढे ओढला आणि बैल काढायला घेतला. बाईंना रांगोळीपलीकडे काही येत नव्हतं. बैलाची खाट झाली, वर तिला पाचवा पाय. उज्ज्वलचे हात शिवशिवले. क्षमाने, त्याच्या बायकोने, त्याच्यापुढे लसणाचा गड्डा ठेवला आणि सोलायला सांगितलं.

दीपा लांबून बघत होती. आजी बैलाला डोळे द्यायलाच विसरली, हे तिला सहन होईना. ती आली, पेन्सिल घेतली, बैलाला तीन डोळे दिले आणि मग थांबलीच नाही. आजी, आई, पपा, ती स्वतः असे सगळे बटाटे ओळीने उभे राहिले. हात कुणालाच नव्हते. फक्त पपाला एक होता, लांबलचक, सगळ्यांच्या डोक्यावरून पार कागदाच्या कडेपर्यंत गेलेला. त्याच्या टोकाला एक चौकोन होता.

“हे काय गं?” उज्ज्वलने विचारलं.

“खोडरबर,” कधी नव्हे ते दीपा मराठीत म्हणाली.

कमलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. उज्ज्वलला लाज वाटली, आणि पोरगी पुन्हा काढायला लागली म्हणून हायसंही वाटलं. लसणाच्या हातानेच तो चित्रावर वाकला. पहिल्यांदाच त्याला लेकीच्या चित्रातलं माप अगदी बरोबर वाटलं.