मोनाच्या नावानं नको

हुपरीहून कोल्हापूरला निघालेल्या एसटीत आकाराम खिडकीशी बसला होता. शर्टाच्या खिशात रुमालाची पुरचुंडी होती. आत बेलाची पाच पानं आणि चिमूटभर भंडारा. सकाळची पूजा झाल्यावर संयोगितानं, त्याच्या बायकोनं, बिरोबाच्या फोटोपुढं ठेवून ती बांधून दिली होती.

"तिथं दारू सोडायची शपथ घ्यायला लावतीलच की," ती म्हणाली होती. "मग आपलाच भंडारा उचला. आन् मोनाच्या नावानं उचला, म्हंजे टिकंल."

मोना त्यांची लेक, आठ वर्षांची.

संयोगिताचं तरी काय चुकत होतं? दोन वर्षांमागं आकारामच्या आईनं, चिमणाबाईनं, त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून त्याला बेल-भंडारा उचलायला लावला होता. पुन्हा प्यालो तर आईचं मेलेलं तोंड बघीन, असं वदवून घेतलं होतं. त्यावर तीन महिने त्यानं थेंबाला तोंड लावलं नाही. मग एक दिवस चिमणाबाई अंगणातल्या नळावर पाणी भरता भरता कोसळली ती उठलीच नाही. आईच्या दुःखानं बिचाऱ्याची बाटली परत सुरू झाली, असं गल्ली म्हणायची. संयोगिताही तेच म्हणायची.

खरं काय ते एकट्या आकारामला ठाऊक होतं. आई जायच्या चार दिवस आधी, पाव्हण्यांच्या जत्रेत, पंगत बसायच्या आधी तो दोन पेले प्याला होता. येताना वास लपावा म्हणून पेरू खाल्ला. आई नळावर होती. "काय खाऊन आलास रं?" तिनं विचारलं. "पेरू," तो म्हणाला.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला नळाजवळून तोच प्रश्न यायचा. आवाजात राग नसायचा, आणि तेच सोसवत नसे. पोटात दोन पेले गेले की आई गप्प व्हायची. मग ते दोनाचे किती झाले, त्याला धरबंद उरला नाही. पैंजणांना घुंगरं जोडायचं त्याचं काम.

गौस टेम्पोनं चांदीचा माल पोचवायचा. गेल्या आठवड्यात त्यानं आकारामच्या हातून घुंगरं सांडताना पाहिली.

"माझाबी हात असाच व्हता," तो म्हणाला. "मंगळवार पेठेत शाळेच्या खोलीत बसतो आमी, शुक्कीरवारी. फी न्हाय, आडनाव कुणी इचारत न्हाय."

"बसून काय करताय?"

"बोलतो. चहा पितो."

"चहासाठी एसटीनं कोल्हापूर गाठायचं व्हय?"

"आजवर ज्यासाठी गाठलंस, त्यापरीस बरा हाय की," गौस म्हणाला.

खोलीतले बाक लहान मुलांचे होते, गुडघे मावत नव्हते. दहाबारा माणसं होती. पुढं बसलेले गणपतराव निवृत्त कारकून. प्यायचं सोडून त्यांना अकरा वर्षं झालेली. एकेक जण नाव सांगे, आपलं काय झालं ते सांगे. आकारामची पाळी आली तशी त्यानं पुरचुंडी बाकावर ठेवली.

"पयलंच सांगतो," तो म्हणाला. "ह्यो बेल-भंडारा हाय. पोरीच्या नावानं उचलायला सांगितलंय घरातनं. मी उचलणार न्हाय. शपथेबगार बसू देत असला तर बसतो, न्हायतर जातो."

मागून सम्राट हसला. कागल एमआयडीसीत लेथवर काम करणारा, अंगानं दांडगा गडी. "पावणं, हितं शपथच न्हाय. मी पोराच्या डोस्क्यावर हात ठेवून सात येळा घेतली, सातबी मोडल्या. पोरगं कॉलेजात हाय, माझ्यापरीस दांडगं."

सगळे हसले. आकाराम हसला नाही.

"मी एकदाच घेतलेली," तो म्हणाला. "मोडली, आन् चौथ्या दिवशी आई गेली."

हसू थांबलं. खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. शाळेच्या पटांगणात कुठंतरी नळ ठिबकत होता, आणि तिथूनच, हुपरी सोडून इतक्या लांब, आईनं विचारलं. काय खाऊन आलास रं?

आकारामनं बाकाची कड धरली. उठून दाराबाहेर पडलं, वळणापर्यंत गेलं, की दारूचं दुकान होतं. येतानाच त्यानं ते पाहून ठेवलं होतं. तो उठला नाही. जत्रा, पेले, पेरू, नळ, रोजचा तो प्रश्न, सगळं त्यानं सांगितलं. बोलत असताना आई दोनदा विचारून गेली.

गणपतराव बाकावरून पुढं वाकले. मग म्हणाले, "आई तुमच्यामुळं गेली का, ते मला सांगता येणार नाही. आज झोपेपर्यंत प्यायची नाही, एवढंच इथं ठरवतो आम्ही. उद्याचं उद्या."

"आन् ती इचारतच राहिली तर?"

गौसनं चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला.

घरी पोचला तेव्हा मोना पालथी पडून वहीत काही रंगवत होती. आकारामनं पुरचुंडी न सोडता बिरोबापुढं ठेवली. संयोगितानं ती पाहिली.

"उचलला न्हाय?"

"न्हाय." तो उभाच होता. "आई जायच्या चार दिवस आधी मी प्यालो व्हतो. शपथ मोडून."

आधी तिला कळलं नाही. मग कळलं. तिनं खाली वाकून मोनाला ओढून पोटाशी धरलं.

"आन् मी हिच्या नावानं..."

"आई, दुखतंय की," मोना म्हणाली.

"मग आता तुमच्यावर कशाच्या जिवावर इस्वास ठेवायचा?" संयोगितानं विचारलं.

"नगं ठेवूस," आकाराम म्हणाला. "आज प्यालो न्हाय. माझ्याजवळ तेवढंच हाय."

लेकीला तशीच धरून संयोगिता पुढं आली आणि तिनं त्याच्या तोंडाचा वास घेतला. नुसता चहाचा होता. तरी तिनं मोनाला सोडलं नाही.