निधान

माझं तोंड फटकळ, हे आमच्या अख्ख्या नजरबाद मोहल्ल्याला ठाऊक आहे. पण त्या दिवशी शाळेत, वर्गाच्या दारात, मी आधी ऐकून घेतलं. कमलाक्षी मिस म्हणाल्या, "गिरिजाबाई, तुमची वेदवती तुंबा निधान." म्हणजे फारच हळू. मनातल्या मनात वाचायला दिलं की बाकीची मुलं पान संपवून मान वर करतात, आणि ही आपली अर्ध्यावरच. यंदा तिला तिसरीतच ठेवू या, म्हणाल्या.

अय्यो! मैत्रिणी पुढे जाणार आणि माझं लेकरू मागे बसणार? मग मात्र जीभ सुटली.

"मिस, तुमच्या कन्नडात निधान म्हणजे हळू. आमच्या भजनात निधान म्हणजे ठेवा! आणि वेगाचं एवढं काय कौतुक? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! पोरांना कळलं काय, ते विचारा की."

मिस भल्या बाई, रागावल्या नाहीत. सकाळी वाचलेला धडाच त्यांनी काढला. त्यातली आई मुलांना दोसे वाढते, तवा उतरवते आणि म्हणते, मला भूक नाही. मिसनी वर्गाला विचारलं, "आई का जेवली नाही?"

"भूक नव्हती!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. पुस्तकात छापलंच होतं तसं.

वेदी सावकाश उठली.

"पीठ संपलं होतं, मिस."

"असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाही. पण ती भांडं खरवडत होती ना? मी तिथेच थांबले. पुढे वाचवेना."

मिसनी धडा पुन्हा उघडून स्वतः वाचला. मग वेदीच्या डोक्यावर हात ठेवला. "चौथीत जा बाळ," म्हणाल्या. "आणि अशीच निधान वाच."

घरी येईपर्यंत मी रस्ताभर मिरवत आले. संध्याकाळी दोसे घातले, ते दोनच निघाले. दोन्ही तिच्या ताटात टाकले.

"तुला?"

"मला भूक नाही गं. दुपारचंच जास्त झालंय."

वेदीनं माझ्याकडे बघितलं, मग पिठाच्या भांड्याकडे बघितलं. घाई नाही की काही नाही. आणि एक दोसा उचलून माझ्यापुढे धरला.

"ताट घे, आई."

डोळ्यांत पाणीच आलं, मेलं. माझं रोजचंच वाक्य होतं ते, आणि पोर ते रोज वाचत होती. मी ताट घेतलं.